म्हणे, सिमवालाच टॅब घ्या!

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी टॅब घेतला. कीर्तनं बघायला, आणि नातवाशी मोठ्या स्क्रीनवर बोलायला. दुकानदार म्हणाला, "काकू, सिमवालाच घ्या, वायफायवाल्यावर घराबाहेर नेट चालत नाही." वर नवं सिम, नवं रिचार्ज. आणि काकूंच्या पर्समध्ये चांगला धडधाकट फोन, रोजचा 2 जीबी डेटा, त्यातला निम्मा रात्री बारा वाजता तसाच वाया जातो. आज हे कळलं आणि डोकंच फिरलं.

अहो, तो फोनच तर वायफाय आहे! अँड्रॉइडवर सेटिंग्ज, नेटवर्क आणि इंटरनेट, हॉटस्पॉट आणि टेदरिंग (म्हणजे फोनचं नेट दुसऱ्या यंत्राला देणं). सॅमसंगवर हेच कनेक्शन्समध्ये. हॉटस्पॉटला नाव द्या, किमान 8 अक्षरांचा पासवर्ड द्या (स्वतःचा मोबाइल नंबर नको, तो अख्ख्या सोसायटीकडे आहे), सुरू करा. टॅबच्या वायफाय यादीत ते नाव येतं, पासवर्ड एकदाच टाकायचा. पुढच्या वेळी फोनवरचं एक बटण, बस. सांगायला दोन मिनिटं. पण मग महागडं मॉडेल कसं खपणार? आयपॅडचंच उदाहरण घ्या. 2025 मध्ये ए16 चिपचा आयपॅड आला तेव्हा वायफायवाला 34,900 ला होता, सिमवाला 49,900 ला. सरळ 15,000 जास्त!

हां, सिमवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस असतं, नुसत्या वायफायवाल्यात नसतं. गाडीत नकाशा लावायचा तर घ्या बापडे. काकू कीर्तन बघणार आहेत.

"आम्ही करून पाहिलं, चालत नाही" म्हणणारेही आहेतच. टॅबवर नावच दिसत नाही? मग फोनचा हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्झवर असणार, आणि बऱ्याच स्वस्त टॅबना फक्त 2.4 कळतं. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड (म्हणजे हाच 5 किंवा 2.4 चा आकडा) बदला. आयफोन 12 पासून पुढे त्यासाठी 'मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी'चं बटण आहे, आणि टॅब जोडला जाईपर्यंत पर्सनल हॉटस्पॉटचं पान उघडंच ठेवायचं. नाव दिसतं पण जोडत नाही? जुना टॅब असेल तर हॉटस्पॉटची सिक्युरिटी डब्ल्यूपीए3 वरून जुन्या डब्ल्यूपीए2 वर आणा. आपोआप बंद होतो? कुणीच जोडलेलं नसलं की बॅटरी वाचवायला फोन हॉटस्पॉट मिटवतो. अँड्रॉइडवर ती सोय बंद करता येते. फोनमध्ये दोन सिमं असतील तर डेटा एकावर आणि कॉल दुसऱ्यावर आला की बऱ्याच फोनमध्ये नेट थांबतं. नेमकं कीर्तन रंगात येतं आणि नणंदबाईंचा फोन!

खरी गोम वेगळीच आहे. टॅबला वाटतं, हे घरचं फुकटचं वायफाय. मग तो लगेच अ‍ॅप अपडेट करायला घेतो, फोटोंचा बॅकअप चढवतो. 2 जीबी अर्ध्या तासात साफ, पुढे 64 केबीपीएस, म्हणजे कीर्तनकारांचा एक शब्द आणि चक्र गोल गोल. हे टाळायला अँड्रॉइड टॅबवर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड' (म्हणजे मोजून मिळणारं नेट) निवडा, आयपॅडवर 'लो डेटा मोड' लावा. व्हिडिओची क्वालिटी 480 वर आणा. एचडीला तासाला 3 जीबीपर्यंत जातात, असं नेटफ्लिक्स स्वतः सांगतं. कीर्तनात बुवांच्या उपरण्याचा धागा न् धागा दिसायलाच हवा असं नाही.

फोन तापतो, बॅटरी उतरते, मान्य. उशीखाली ठेवू नका, जवळ चार्जर ठेवा. फक्त मेल-मेसेज बघायचे असतील तर ब्लूटूथ टेदरिंग करा. ते हळू चालतं, पण बॅटरी कमी खातं.

लिहिता लिहिता दुकानदारावरचा राग जरा उतरला. त्यालाही कदाचित एवढंच शिकवलं असेल. पण "टॅब सेट करून" गेलेला काकूंचा भाचा? तो रोज लोकलमध्ये स्वतःचा लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवरच चालवतो! मावशीला मात्र सिम घालून दिलं आणि चहा पिऊन निघाला. दाखवलं असतंस तर काय हात झिजले असते?

ते सिम अजून टॅबमध्येच आहे. 28 दिवसांनी रिचार्ज संपल्याचा मेसेज येईल, तोही टॅबवरच. काकूंना टॅबवर मेसेज कुठे बघायचे, हेही कुणी दाखवलेलं नाही.