दूरच्या देशातला पूर कसा दाखवावा

परवा एका वाहिनीवर जगातल्या भीषण पुरांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम झाला. त्यात लिबियातल्या डेर्ना शहराच्या वाट्याला जेमतेम चाळीस सेकंद आले. त्यांतही भिंतीवरून उडी मारणारे जे काळे पाणी दाखवले, ते 2011 च्या त्सुनामीतले, जपानच्या मियाको शहरातले. एवढी सफाई एका पिढीपुरती राहून चालणार नाही. म्हणून वृत्तवाहिन्यांत नव्याने दाखल होणाऱ्या मंडळींसाठी या सूचना. उदाहरणाला डेर्नाच घेऊ, कारण 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री वादळी पावसात वरची धरणे फुटून तिथे जे झाले, त्याला यांतली प्रत्येक सूचना अगदी मापात बसते.

आधी पंचांग पाहा. त्या दिवशी दिल्लीत जी-20 परिषदेचा समारोप होता आणि कोलंबोत पावसामुळे भारत-पाकिस्तान सामना राखीव दिवसावर गेला होता. पावसाची बातमी हवीच असेल तर कोलंबोची घ्यावी. तिथे निदान मैदानावर आच्छादन ओढणारी माणसे पळताना दिसतात.

नकाशा दाखवू नये. दाखवला की लोक विचारतात, शहर समुद्रकाठी, मग पाणी डोंगराकडून कसे आले?

पावसाचा आकडा मोठा निवडावा, गाव कुठले याची चौकशी करू नये. 24 तासांत 414 मिलिमीटर ही नोंद अल-बैदा या दुसऱ्या शहरातली. ती खुशाल डेर्नाच्या नावावर खपवा. मात्र आकडा सांगून लगेच जाहिरातीकडे वळा. नाहीतर कोकणातला एखादा प्रेक्षक म्हणायचा, एवढा पाऊस आमच्याकडेही पडतो, मग एका रात्रीत हजारो माणसे गेली कशी?

‘भारतीय किती?’ हा प्रश्न पहिल्या मिनिटाला. उत्तर शून्य आले की बातमी तळाच्या पट्टीत. इजिप्तच्या बेनी सुएफ भागातल्या एकाच खेड्यातले, मजुरीला गेलेले सत्तरहून अधिक पुरुष डेर्नात मेले. पण ते इजिप्तचे, आपल्याला काय त्याचे!

मृतांचा आकडा सगळ्यांत मोठा तोच घ्यावा. शहराच्या महापौरांनी वीस हजारांपर्यंतचा अंदाज सांगितला होता, संयुक्त राष्ट्रांच्या नावावर 11,300 फिरत होता. नंतर संयुक्त राष्ट्रांनीच तो 3,958 वर आणला आणि बेपत्ता वेगळे मोजले. ही दुरुस्ती दाखवायची नाही. प्रेत मिळून नोंद झालेले, प्रेत न मिळालेले आणि समुद्रात वाहून गेलेले हे तीन वेगळे हिशेब असतात आणि दोन सरकारे असलेल्या देशात ते दोनदा होतात, हे सांगत बसायला वेळ कुणाला आहे?

प्रेतांमुळे रोगराई पसरेल, हे वाक्य तयार ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आणि रेड क्रॉस यांनी त्याच आठवड्यात संयुक्त निवेदन काढून सांगितले की अशा आपत्तीतल्या प्रेतांमुळे साथ येत नाही. धोका मैल्याने दूषित झालेल्या पिण्याच्या पाण्याचा असतो. घाईने सामूहिक दफन करू नका, ओळख कायमची हरवते. पण निवेदनाला दृश्ये नसतात, तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसाला असतात.

पूर दुबईत आला असेल तर कृत्रिम पाऊस म्हणा आणि मोकळे व्हा.

आता मुख्य सूचना. धरणाबद्दल बोलायचे नाही. ‘वादळाने शहर गिळले’ एवढेच म्हणा. कारण धरण म्हटले की खाली खोदावे लागते. डेर्नाच्या दरीत एकामागे एक दोन धरणे होती, दोन्ही 1970 च्या दशकात युगोस्लाव्ह कंपनीने बांधलेली, मध्ये मातीचा गाभा आणि बाहेर दगडांचा भराव. वरचे अबू मन्सूर शहरापासून सुमारे 13 किलोमीटरवर, साठा 22.5 दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. खालचे अल-बिलाद शहराला अगदी खेटून, साठा दीड दलघमी. दोन्ही मिळून एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूटसुद्धा नाही, आपल्या खडकवासल्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे पाणी फार नव्हते. ते एका क्षणात सुटले, अरुंद दरीतून सुटले, आणि दरी शहराच्या मधोमध होती. मातीचे धरण सांडव्यावरून, म्हणजे जादा पाण्यासाठी ठेवलेल्या वाटेने, कितीही वाहू दे, त्याला काही होत नाही. माथ्यावरून पाणी गेले की मात्र खालच्या उताराचा भराव ढेकळासारखा विरघळतो, भगदाड पडते आणि ते मिनिटागणिक रुंदावते. वरचे फुटले की खालच्याला वाचण्याची संधीच नसते. पहाटे तीनच्या आसपास हेच झाले. 1998 मध्ये धरणांना तडे दिसले होते. दोन वर्षांनी नेमलेल्या इटालियन कंपनीने पाहणी करून तिसरे धरण बांधा म्हणून सुचवले. 2007 मध्ये तुर्की कंपनीला दुरुस्तीचे काम दिले, ते 2011 च्या उठावात बंद पडले. 2012 आणि 2013 मध्ये देखभालीसाठी ठेवलेले वीस लाखांहून अधिक डॉलर खर्चच झाले नाहीत, हे लेखापरीक्षणात आले. 2022 मध्ये ओमर अल-मुख्तार विद्यापीठाचे अब्देल वनीस अशूर यांनी शोधनिबंधात लिहून ठेवले की मोठा पूर आला तर शहराचा घात होईल. सगळे कागदावर होते! हवामान खात्याने वादळाचा इशारा 72 तास आधी दिला होता. धरणांचे काय होईल, हे त्यात नव्हते. आदल्या दिवशी लोकांना कुणी सांगितले घर सोडा, कुणी सांगितले घरातच थांबा. एवढे सगळे असताना तुम्ही काय दाखवता? तरंगणारी मोटार. आणि तिच्याखाली ‘निसर्गाचा प्रकोप’.

हवामानबदलामुळे असा पाऊस पन्नास पटींपर्यंत अधिक संभवतो, असे अभ्यासकांनी सांगितले. त्यांनीच अहवालात धरणांची देखभाल आणि यादवीही लिहिली. पहिले वाक्य घ्या, दुसरे सोडा.

शेवटची सूचना पाळायला सोपी आहे. लोक चिखलातून उठून प्रश्न विचारू लागले की निघून या. 18 सप्टेंबरला डेर्नातल्या सहाबा मशिदीसमोर निदर्शने झाली, महापौरांचे घर पेटवले गेले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी पत्रकारांना शहर सोडायला सांगितले, फोन आणि इंटरनेटही बंद पडले. आपल्याला कुणी सांगायची गरजच पडली नाही, आपले तोंड केव्हाच दुसरीकडे वळले होते. जुलै 2024 मध्ये तिथल्या न्यायालयाने बारा अधिकाऱ्यांना तुरुंगवास ठोठावला, तेव्हा किती जणांनी एक पट्टी तरी चालवली?

राहू द्या तो उपरोध. अहो, हे तुम्हाला कळायला लिबियाला जायची गरज नव्हती. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले आणि त्याच पाण्याने काही तासांत खालचे खडकवासला फोडले. वरचे गेले की खालचे जाते, हे पुण्याने पाहिले आहे. 2 जुलै 2019 ला चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. गळतीच्या तक्रारी गावाने आधी केल्या होत्या, आणि मंत्र्यांनी दोष दिला खेकड्यांना. तुम्ही दिवसभर खेकडे दाखवलेत. देशात सर्वाधिक मोठी धरणे या राज्यात आहेत. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची तपासणी सक्तीची केली आहे. उंची, साठा, सांडव्याची क्षमता, शेवटची तपासणी कधी, दुरुस्तीचा पैसा कुठे अडला, एवढे विचारायला कोणती विद्या लागते? जवळच्या पाटबंधारे कार्यालयात जा, अहवाल मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका. त्याचे शुल्क दहा रुपये आहे.