आत्या चौकात बसली होती

आज दुपारी पाऊण वाजता ऑफिसात फोन वाजला. अनोळखी नंबर. "ताई, तुमच्या आत्या इथं चौकात बसून आहेत, चक्कर आली म्हणतात, लवकर या." बोलणारा चहाच्या टपरीवाला. हातातलं काम तसंच टाकून मी गाडी काढली.

आत्या मेट्रोच्या खांबाच्या सावलीत, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. डोक्यावर पदर, डोळ्यांवर दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा, मांडीवर पिशवी. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली, फाईल आणि माझ्यासाठी आणलेली अर्धा किलो मिरची. टपरीवाल्यानं लिंबूपाणी पाजलं होतं, त्याचे पैसे घ्यायला तो तयार नव्हता. वरून मेट्रो धडधडत गेली. आत्यानं मान वर केली नाही.

रात्रीचे अकरा वाजले तरी ते दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून लिहिते आहे. लांबेल, पण वाचा.

आत्या भिवापूरची, उमरेडच्याही पुढची. वय ७८. मागच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आज तपासणीची तारीख होती. पहाटेच घरून निघाली. एसटीत ७५ च्या वरच्यांना तिकीट नाही, त्यामुळे नागपूरपर्यंत एक रुपया लागला नाही. स्टँडवर उतरली तर ऑटोवाल्यानं अडीचशे सांगितले. तिच्याजवळ होते तीनशे. एका पोरानं सांगितलं, आजी, मेट्रोनं जा, स्वस्त पडेल. विचारत विचारत, पिशवी सांभाळत ती स्टेशनपर्यंत चालत गेली, मेट्रोत बसली, सांगितलेल्या स्टेशनवर बरोबर उतरली. "गार वाटलं बाई मेट्रोत," हे तिनं मला दोनदा सांगितलं.

तिथून दवाखाना अडीच किलोमीटर.

या अडीच किलोमीटरसाठी काहीच नव्हतं. बसचा थांबा रस्त्याच्या पलीकडे, त्यावर ना बसचा नंबर, ना वेळ, ना सावली. मे महिना, नागपूर, दुपारचे बारा. थांब्यावर उभं राहवेना म्हणून आत्या अलीकडे खांबाच्या सावलीत आली. तेवढ्यात बस आली आणि गेली. पुढची येईपर्यंत तिला चक्कर आली. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा ओपीडी बंद झाली होती. खिडकीवरच्या माणसानं वर न पाहता नवी तारीख लिहून दिली.

मी चिडले. "फोन का नाही केला?" तर म्हणते, "कायले करू? तू कामात असशीन."

भिवापूरहून नागपूरपर्यंतचा एवढा मोठा प्रवास फुकट आणि सुखरूप होतो, आणि शेवटच्या अडीच किलोमीटरला म्हातारी माणसं कोसळतात. मधली ही जागा कोणाची? मी दिवसभर हाच विचार करून राहिले. मेट्रो महामेट्रोची. शहर बस महापालिकेची. एसटी महामंडळाची. रेल्वेचे तर नागपुरात दोन विभाग, एक मध्य रेल्वेचा, एक दक्षिण पूर्व मध्यचा. महापालिकेच्या हद्दीबाहेरचा विकास एनएमआरडीए नावाच्या प्राधिकरणाकडे. प्रत्येकाची गाडी आपापल्या जागी नीट धावत असेल, पण एका गाडीतून उतरून दुसरीत चढेपर्यंतचा माणूस कोणाच्याच वहीत नाही.

आता कोणी म्हणेल, मेट्रोला नावं ठेवते. नाही ठेवत. मेट्रो चांगली आहे, स्वच्छ आहे, माझी लेक रोज जाते. वर्धा रोडवर खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो हे बघायला पाहुण्यांना मीच घेऊन जाते. काही स्टेशनांवरून आसपासच्या भागात नेणाऱ्या फीडर बस सुटतात, तेही मान्य. पण ११ डिसेंबर २०२२ ला पहिला टप्पा पूर्ण झाला, जवळपास ४० किलोमीटर. एवढी वर्षं झाल्यावरही स्टेशनबाहेर उभं राहून "आता पुढं कसं जायचं" हे टपरीवाल्याला विचारावं लागत असेल, तर ते ४० किलोमीटर अर्धेच आहेत.

आणि हे आधी कोणाला सुचलं नाही असंही नाही. केंद्र सरकारचं २०१७ चं मेट्रो धोरण आहे. त्यात लिहिलेलं आहे की स्टेशनच्या दोन्ही बाजूंना पाच किलोमीटरच्या पट्ट्यातून लोकांना आणण्या-नेण्याची सोय, चालायला फुटपाथ, सायकल, फीडर, हे प्रकल्पातच धरा. सगळ्या वाहतुकीवर एक प्राधिकरण नेमा, असंही त्यात आहे. त्याच्या आधी २००६ च्या नागरी वाहतूक धोरणानं सांगितलं होतं की गाड्यांचा नाही, माणसांचा विचार करा. चेन्नईसाठी अशा एका प्राधिकरणाचा कायदा २०१० सालीच झाला, हातपाय हलायला वेळ लागला ही गोष्ट वेगळी. जर्मनीतल्या हॅम्बुर्गनं १९६५ मध्ये वेगवेगळ्या मालकांच्या गाड्या एका तिकिटाखाली आणल्या. १९६५! तेव्हा माझी आत्या परकरात होती.

आपल्याकडे मल्टिमोडल, म्हणजे रेल्वे, बस, मेट्रो एकमेकांना जोडणं म्हटलं की पहिल्यांदा इमारत डोळ्यांसमोर येते. आपल्या नागपुरातलं अजनी आठवतं ना? तसल्याच एका इंटरमोडल स्टेशनसाठी अजनी वनातली हजारो झाडं जाणार होती. तुमच्यातले कितीतरी जण तेव्हा तिथं उभे होते, मीही होते. ती झाडं आपल्याला हवी होती आणि प्रवासही सोपा हवा होता. मला आजही वाटतं, आत्याला काचेची सातमजली इमारत नको होती. तिला एक सावली, एक पाटी आणि मेट्रो आली की निघणारी एक छोटी बस हवी होती. त्यासाठी झाड तोडावं लागत नाही.

आत्या पूर्वी छोट्या लाईननं यायची. नागभीड ते इतवारी, नॅरोगेज. २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी ती बंद झाली. हळू चालायची, गर्दी मरणाची, डब्यात माणसांसोबत भाजीच्या टोपल्या. त्या गाडीत सुख होतं असं मी म्हणणार नाही. पण भिवापूर, उमरेड, कुही या सगळ्या भागाला नागपूर त्या गाडीनं जोडलेलं होतं. इतवारीला माझे बाबा सायकल घेऊन उभे असायचे. आत्याची टोपली कॅरियरला, मी दांडीवर आणि आत्या बाजूनं चालत, गावाकडच्या गोष्टी सांगत. गाडीला उशीर झाला तरी बाबा तिथंच. आत्याला नागपूरचा एकही रस्ता ठाऊक नव्हता आणि ती कधी हरवली नाही.

बाबा जाऊन आता बारा वर्षं झाली.

हे लिहिता लिहिता राग जरा खाली आला होता. मग मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचा नकाशा उघडला आणि परत चढला. ४३.८ किलोमीटर, ६,७०८ कोटी, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी. एक फाटा कन्हानला, एक बुटीबोरीला, एक हिंगण्याला, एक कापसीकडे. चांगलं आहे, एमआयडीसीतल्या पोरापोरींना हवंच आहे. पण आहेत त्याच चार टोकांना दोरी लांबवली आहे. उमरेड रोडचं काय? काटोल रोडचं काय? तिकडे मेट्रोच न्या असा माझा हट्ट नाही, तेवढे पैसे कुठून आणणार, हे मलाही कळतं. मग तिकडून येणारी एसटी मेट्रोला नीट टेकवा. मोठ्या लाईनची गाडी इतवारीला आली की पुढची बस तयार ठेवा. एसटीच्या वेळा, रेल्वेच्या वेळा, मेट्रोच्या वेळा एका टेबलावर मांडून एकदा तरी जुळवा.

नागपूरला रोज कोण येतं ते बघा ना. काटोल-नरखेडचे संत्रावाले, सावनेरची कॉलेजची पोरं, रामटेक-मौद्याहून बांधकामावर येणारे, भंडारा, वर्धा, चंद्रपूर, पार गडचिरोलीहून दवाखान्यात येणारे. मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांच्या आवारात पहाटे जाऊन बघा, सतरंज्या टाकून बसलेले किती जण शहरातले असतात? आपण शहराची योजना करतो ती रिंग रोडपर्यंत पाहून. या माणसांचा दिवस मात्र सुरू होतो त्यांच्या गावच्या फाट्यावर, अंधारात.

मेट्रोची बाजू घेणारा एकजण मला आजच म्हणाला, "मॅडम, एवढ्या म्हाताऱ्या बाईला एकटं पाठवायचंच कशाला?" तेव्हापासून डोकं ठणकून राहिलं. एकटं पाठवायचंच कशाला! तिची दोन्ही पोरं पुण्याला, सून शेतात, आणि ती बाई आयुष्यभर एकटी बाजार करून आली आहे. ७८ व्या वर्षी तिला एकटीनं नागपूरला यावंसं वाटतं, हिंमत होते, ही लाजेची गोष्ट आहे का? सोबतीला कोणी नाही म्हणून तिनं डोळा तपासायचाच नाही का? सार्वजनिक वाहतूक म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही, ड्रायव्हर नाही, सोबत नाही, त्यानं निर्धास्त घराबाहेर पडावं याच्यासाठी असते ना?

ऑटोवाल्यावरही मला राग आला होता, तो आता नाही. अडीचशे जास्तच आहेत. पण गॅसचे भाव, हप्ता, तासनतास रांगेत उभं राहणं, त्याचंही पोट आहे. स्टेशनबाहेर त्याला ठरलेली जागा, ठरलेलं भाडं आणि ई-रिक्षावाल्यांना ठरलेले मार्ग दिले तर तोही याच साखळीत येईल.

आत्या आत झोपली आहे. संध्याकाळी तिनं मिरची उन्हात वाळव म्हणून मला दोनदा बजावलं, वरण-भात खाल्ला, डोळ्यात थेंब टाकून घेतले. तिकीट खिडकीवरची गोष्ट सांगून हसली. तिथल्या पोरानं विचारलं होतं, कुठलं स्टेशन पाहिजे? ही म्हणाली, "बापू, मले स्टेशन नाही पाहिजे, मले दवाखाना पाहिजे."

झोपण्याआधी तिनं फाईलमधला कागद काढून माझ्या हातात दिला. पुढची तारीख मंगळवारची. "कोण्या गाडीनं येऊ ते लिहून दे मले," म्हणाली. मी कागद घेऊन बराच वेळ बसले. एसटीची वेळ लिहिली. पुढचं काही लिहिता येईना. शेवटी साहेबांना मेसेज टाकला की मंगळवारी सुटी हवी आहे. सकाळी नऊपासून स्टँडवर उभी राहीन.