घोणस अळीला घोणशीचं विष नसतं

परवा रात्री साडेनऊला आत्याचा फोन आला. "अरे, उद्या खुरपायला एकही बाई यायला तयार नाही. म्हणतात उसात ती अळी आहे, डसली की पाच मिनिटांत माणूस खलास." मागोमाग व्हॉट्सॲपवर तो मेसेजही आला. २०२२ पासून दर भाद्रपदात तो माझ्याकडे येतोय आणि दरवर्षी त्यात एखादं चित्र वाढलेलं असतं. आजवर दुर्लक्ष केलं. आता आत्याची दीड एकराची खुरपणी अडली, म्हणून लिहायला बसलो.

मेसेज थोडक्यात असा: घोणस अळी सापाहून विषारी आहे, डसली की पाच मिनिटांत मृत्यू. ही अळी नवीन आहे, परदेशातून आली. रात्री दिव्यावर येणारे पतंग तिचेच, तेही विषारी, दिसतील तिथे मारा. शेतात ताबडतोब जहाल औषध फवारा. खाली तीन फोटो: एक हिरवी काटेरी अळी, एक लाल तोंडाची दोन शेपट्यांची अळी, आणि शेतात पडलेले दोन मृतदेह.

आधी ते मृतदेह. तो फोटो सप्टेंबर २०२२ चा, चाळीसगाव तालुक्यात वीज पडून गेलेल्या दोघांचा. अळीचा त्यात काडीचाही संबंध नाही. हे तेव्हाच उघड झालं होतं, तरी फोटो फिरतोच आहे. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांना आपल्या माणसांचा फोटो अळीखाली बघताना काय वाटत असेल, एवढा विचारसुद्धा पुढे ढकलणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही.

आता पाच मिनिटांत मरण. मुळात ही अळी डसतच नाही. तिचे जबडे पान कुरतडायला असतात. अंगावर काट्यांचे झुबके असतात, काटे आतून पोकळ आणि त्यांच्या बुडाशी विषाची ग्रंथी. आपला हात किंवा पोटरी घासली की काट्यांची टोकं कातडीत मोडतात आणि विष उतरतं. मला स्वतःला एकदा लागली आहे, आंब्याचं पान उलटताना, मनगटाला. पहिल्या क्षणी वाटलं कुणी तापलेली सळई टेकवली. मग पांढऱ्या गांधी उठल्या, ओळीनं, जशी काट्यांची रांग होती तशा. दोन-तीन तास जीव नकोसा झाला, दुसऱ्या दिवशी नुसती खाज. त्या रात्री पोटभर जेवलोही होतो.

उपाय सगळे घरातलेच. चोळायचं नाही. त्या जागी चिकटपट्टी लावून ओढायची म्हणजे मोडलेले काटे निघून येतात. मग साबणाने धुवायचं, बर्फ लावायचा, खायच्या सोड्याचा लेप द्यायचा. अंगभर पित्त उठलं, घसा आवळल्यासारखा झाला, चक्कर आली किंवा काटा डोळ्यात गेला तर मात्र वेळ न घालवता दवाखाना. अशी तीव्र ॲलर्जी एखाद्याला मधमाशीनेही येते. २०२२ च्या पावसाळ्यात बीड, नगर, सोलापूरकडे ही अळी लागून माणसं दवाखान्यात गेली, सलाईन लागलं, हे खरंच आहे. वेदना खोटी आहे असं मी कुठेच म्हणत नाही.

आणखी एक अर्धसत्य नाइलाजाने कबूल करतो, नाहीतर कुणीतरी तेच माझ्या तोंडावर फेकेल. अळीने माणूस मरतो, पण तो दक्षिण अमेरिकेत. तिथल्या 'लोनोमिया' नावाच्या पतंगाच्या अळ्या झाडाच्या खोडावर घोळक्याने बसतात. चुकून त्यांच्यावर हात पडला तर रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. साओ पाउलोच्या बुटांटान संस्थेने त्यावर प्रतिविषही तयार केलं आहे. पण लोनोमिया ज्या कुळातली, त्याच कुळातला आपला टसर रेशमाचा पतंग. गडचिरोलीत आरमोरीकडे टसरच्या अळ्या लोक पिढ्यान्‌पिढ्या हाताने झाडावर चढवतात, उतरवतात. आणि घोणस अळी तर या कुळातलीही नाही. त्यामुळे ब्राझीलची बातमी आणून उसाच्या बांधावर लावू नका.

माझं डोकं खरं फिरलं ते दुसऱ्या फोटोने. मी गेली काही वर्षं पावसाळ्यात गच्चीवर पांढरी चादर आणि दिवा लावून पतंग बघत बसतो, त्यामुळे ती अळी ओळखायला मला क्षणही लागला नाही. ती युरोपातल्या 'पुस मॉथ' नावाच्या पतंगाची अळी. विलो आणि पॉप्लरची पानं खाते. ऊस तिने जन्मात पाहिलेला नाही. छेडलं की डोकं आत ओढते, भोवतीचा लाल कंगोरा फुगून तोंड वासल्यासारखा दिसतो, मागच्या दोन शेपट्यांतून लाल चाबूक बाहेर काढते, आणि फारच त्रास दिला तर मानेखालच्या ग्रंथीतून फॉर्मिक आम्ल उडवते. काटे मात्र एकही नाही. म्हणजे मेसेज करणाऱ्याने 'भीतीदायक अळी' असं काहीतरी शोधलं आणि सगळ्यात जास्त डोळे वटारणारी उचलली.

घोणस अळी आणि ही लाल तोंडाची, या दोघींचं नातं काय? दोघी पतंगांच्या अळ्या, बस्स. मांजर आणि म्हैस दोघी पिल्लांना दूध पाजतात, तितकं. जगात फुलपाखरं आणि पतंग मिळून दीड लाखाहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत, त्यातली फुलपाखरं वीस हजारही भरत नाहीत. बाकी सगळे पतंग. लाल तोंडाची अळी त्यातल्या नोटोडोंटिडी कुळातली. सुमारे ४,००० जातींचं हे कूळ. नावाचा ग्रीक अर्थ 'पाठीवर दात'. पंख मिटून बसला की यातल्या बऱ्याच पतंगांच्या पुढच्या पंखाच्या कडेवरचा खवल्यांचा झुबका पाठीवर दातासारखा वर येतो. इंग्रजीत म्हणूनच यांना 'प्रॉमिनंट' म्हणतात. यांच्यातला फलेरा वंशाचा पतंग चादरीवर बसला की मोडलेली काटकीच वाटते, टोकाला फिकट डाग, जणू आत्ताच मोडून लाकूड उघडं पडलंय. पहिल्यांदा मी तो काडी समजून झटकायला गेलो होतो.

घोणस अळी लिमॅकोडिडी कुळातली. हे दीड हजाराहून जास्त जातींचं वेगळंच घराणं. नोटोडोंटिडी पतंगाला छातीच्या मागच्या भागात कान असतो, वटवाघळाचा आवाज ऐकायला. लिमॅकोडिडीला तो नाहीच. अळ्यांत तर फरक डोळ्यांना दिसतो. साध्या अळीला पुढे तीन जोड्या खरे पाय आणि मागे पोटाचे मांसल पाय असतात. लाल तोंडाच्या अळीत पोटाच्या पायांची शेवटची जोडी बदलून त्या दोन शेपट्या झाल्या आहेत. घोणस अळीला पोटाचे पायच नाहीत. त्या जागी चूषकांसारखे गुळगुळीत उंचवटे, त्यावर ती गोगलगाईसारखी सरकते. डोकं अंगाखाली दडलेलं. भिंगाखाली धरली तर पान आपोआप एका कडेने नाहीसं होतंय असं वाटतं. कोषही चिंचोक्यासारखा टणक, पतंग बाहेर येताना त्याला गोल झाकण उघडतं.

नोटोडोंटिडी सगळे निरुपद्रवी, असंही मी म्हणणार नाही. रांगेने चालणाऱ्या 'प्रोसेशनरी' अळ्या याच कुळात येतात. पूर्वी त्यांचं वेगळं कूळ धरायचे. त्यांचे बारीक केस हवेतून उडतात, पुरळ येतं, डोळे आणि घसा धरतो. ओकच्या झाडावरची अशी एक जात २००६ पासून लंडन परिसरात ठाण मांडून आहे. एकाच कुळात काटकीसारखा गरीब पतंगही आहे आणि खाजरी अळीही, म्हणून तर 'सगळ्या काटेरी अळ्या म्हणजे घोणस अळी' हा हिशेब चालत नाही. कुणीतरी बोलीत घोणस हे नाव दिलं आणि लोकांनी सापाचं विषही सोबत देऊन टाकलं.

'नवीन अळी, परदेशातून आली'? हॅम्प्सन या इंग्रज कीटकतज्ज्ञाने ब्रिटिश भारतातल्या पतंगांची नोंद चार खंडांत केली. पहिला खंड १८९२ चा. त्यात लिमॅकोडिडी कूळ आहे, नोटोडोंटिडीही आहे. १८९२ साली कुठली बीटी आणि कुठलं परदेशी बियाणं? पाऊस-उघडीप जमली की एखाद्या वर्षी संख्या वाढते, इतकंच.

पतंग विषारी? या दोन्ही कुळांतल्या बऱ्याच पतंगांची सोंड इतकी खुंटलेली असते की त्यांना धड खाताही येत नाही. पुढे.

शेवटचा मुद्दा, फवारणीचा, आणि मेसेजमध्ये जीव घेणारं काही असेल तर हेच. ऊस डोक्याच्या वर गेलेला, आत हवा नाही, अशात पाठीवर पंप घेऊन दोन-तीन औषधं एकत्र करून मारायला सांगतात. २०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. घोणस अळीने किती गेले? एकही नाही. शिवाय या अळीवर जगणाऱ्या गांधीलमाश्या आणि माश्या शेतातच असतात. जहाल औषधाने आधी त्या मरतात. बांधावर चार अळ्या दिसल्या तर काडीने उचलून साबणाच्या पाण्यात टाका. जास्त असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी, आणि त्याने भागलं नाही तर कृषी सहायकाला विचारून. खुरपायला जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात बूट, खिशात चिकटपट्टीचं रीळ.

आत्याला हे सगळं फोनवर सांगितलं. म्हणाली, "पाय मोजायचे म्हणजे उलटी करू का तिला?" म्हटलं, काडीने, हाताने नको. काल दुपारी तिचा फोटो आला, बांधावरच्या एरंडाच्या पानावरचा, खाली लिहिलेलं: "हीच का ती?" पुढे तीन जोड्या पाय, मागे पोटाचे पायही आहेत, आणि चालताना मधे कमान. उंटअळी. एरंड खाते, माणसाला काही करत नाही. बायका आज सकाळी आठला उसात उतरल्या.