लिव्हरच्या खुणेला जमीन दिसत नाही

पेरणी जवळ आली की एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो मला चौघांनी धाडला, त्यातल्या दोघांनी ‘खरं आहे का?’ असं विचारून. मजकूर साधारण असा: ‘पेरणी यंत्राची खोलीची चाकं (जमिनीवर टेकून फण किती खोल जाईल ते ठरवणारी) काढून ठेवा, तो नुसता खर्च आहे. हायड्रॉलिकचा लिव्हर एका खुणेवर लावा, बी शेवटपर्यंत त्याच खोलीवर पडेल. आणखी खोल हवं तर लिव्हर आणखी खाली घ्या. जमीन कुठे हलकी कुठे भारी असेल तर ड्राफ्ट कंट्रोल (ओढ वाढली-घटली की यंत्र आपोआप वर-खाली करणारी सोय) सांभाळून घेतो. तरी फण वर येत असतील तर स्प्रिंगा पूर्ण आवळा. प्रत्येक ओळीला वेगळी जोडणी, समांतर दांड्या हा सगळा दिखावा.’

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, ते आधी मान्य करतो. रान नीट सपाट केलेलं असेल, यंत्र अरुंद असेल आणि ट्रॅक्टर हळू चालत असेल, तर लिव्हरच्या खुणेवर केलेली पेरणी बऱ्यापैकी एकसारखी उतरते. मजकूर लिहिणाऱ्याचा अनुभव अशाच रानातला असावा.

आता ‘लिव्हर खुणेवर, खोली कायम’ हा दावा. हा लिव्हर ज्या सोयीचा असतो तो पोझिशन कंट्रोल लिफ्टच्या हातांची, म्हणजे ट्रॅक्टरमागे यंत्र उचलून धरणाऱ्या हातांची, उंची राखतो, हे खरं. पण ती उंची ट्रॅक्टरच्या धडापासून मोजलेली असते आणि बियाण्याची खोली मोजायची असते जमिनीपासून. ट्रॅक्टरचं धड डोललं की मागचं यंत्र त्याच्याबरोबर डोलतं. पुढच्या आणि मागच्या आसात २ मीटर अंतर आहे आणि फण मागच्या आसाच्या १.५ मीटर मागे आहेत असं धरू. पुढची चाकं ८ सेंमी उंचवट्यावर चढली की धड मागच्या आसाभोवती फिरतं आणि फण ६ सेंमी खाली जातात. उंचवटा ओलांडून मागची चाकं ५ सेंमी खळग्यात उतरली, तर फण जवळजवळ ९ सेंमी खाली जाऊ पाहतात. ठरवलेली खोली ४-५ सेंमी आणि चूकच त्याहून मोठी! लिव्हर मात्र खुणेवरच असतो, त्यामुळे चालवणाऱ्याला वाटतं सगळं ठीक चाललंय.

पिकाच्या बाजूने हे किती महागात पडतं तेही बघा. बुटक्या गव्हाच्या वाणांचा कोंब ज्या आवरणातून वर येतो, ते आवरण जुन्या उंच वाणांपेक्षा आखूड असतं. बी त्या लांबीपेक्षा खोल गेलं की पहिलं पान मातीतच उघडतं आणि तिथेच चुरगळतं. सोयाबीनला तर दोन्ही डाळिंब्या घेऊन माती फोडायची असते. वर पडलेलं बी दोन दिवसांत सुकतं ते वेगळंच. मग दोष बियाण्याच्या पिशवीवर ढकलला जातो.

‘आणखी खोल हवं तर लिव्हर आणखी खाली’ हे वाक्य तर यंत्र उघडून न पाहिलेल्या माणसाचं आहे. नेहमीच्या ट्रॅक्टरची लिफ्ट एकाच बाजूने काम करते. तेल पिस्टनला ढकलतं ते उचलण्यासाठी. खाली येताना तेल नुसतं बाहेर सोडलं जातं आणि यंत्र स्वतःच्या वजनाने उतरतं. फण टेकले, लिफ्टचे हात मोकळे झाले, की त्यापुढे लिव्हर कितीही रेटा, जमिनीवर एक किलोचाही जास्त दाब येत नाही. फण आत शिरतो तो यंत्राच्या वजनाने, फणाच्या कोनाने आणि स्प्रिंगांच्या जोरावर. पुढे झुकलेला अणकुचीदार फण स्वतःला आत ओढतो. फणाऐवजी जमीन चिरणारी फिरती तबकडी असेल तर तिला तसं जमत नाही, तिला वजन लागतंच.

खोलीच्या चाकांबद्दलचा राग मला मात्र समजतो. ती बिनकामाची वाटतात, कारण बहुतेक ठिकाणी ती जमिनीला नीट टेकतच नाहीत. लिव्हर अर्ध्यात ठेवला की यंत्राचा भार लिफ्टवर लटकतो आणि चाकं कधी हवेत, कधी जमिनीवर अशी नाचतात. चाकांनी खोली धरायची असेल तर लिव्हर पूर्ण खाली सोडायला हवा. मग लिफ्टचे हात सैल राहतात, ट्रॅक्टर वरखाली झाला तरी यंत्र आपल्या चाकांवर चालतं. एकाच जागेचा हिशेब दोघांना देऊ नका: एक तर लिफ्ट खोली धरेल, नाहीतर चाक.

चाकांची खरी उणीव वेगळी आहे आणि मजकुरात तिचा उल्लेख नाही. ओल्या मातीत चाकाला चिखल चिकटतो. चाकाभोवती २ सेंमी चिखल जमला की पेरणी तेवढीच वर येते. त्यासाठी चाकाला खरवडणारी पट्टी हवी आणि वाफसा येईपर्यंत थांबायची तयारी हवी.

ड्राफ्ट कंट्रोलच्या दाव्यामागे थोडा इतिहास आहे. ही सोय आणणारे अभियंते हॅरी फर्ग्युसन यांनी १९२५ मध्ये मागितलेल्या पेटंटच्या नावातच ‘कामाची खोली आपोआप राखणे’ या अर्थाचे शब्द आहेत. कदाचित त्यावरूनच हा गैरसमज इतका टिकला असेल. पण ती युक्ती नांगरासाठी होती. माती एकसारखी असेल तर नांगर जितका खोल तितकी ओढ जास्त, म्हणून ओढ स्थिर ठेवली की खोलीही स्थिर राहते. माती बदलली की हे गणित उलटतं. भारी, घट्ट पट्टा आला की ओढ वाढते, लिफ्ट यंत्राला वर घेते आणि बी उथळ पडतं. हलका पट्टा आला की यंत्र खाली सुटतं. म्हणजे ज्या रानासाठी मजकूर ड्राफ्ट कंट्रोल सुचवतो, नेमक्या त्याच रानात तो खोली बिघडवतो.

शिवाय ४-५ सेंमी खोल चालणाऱ्या बारीक फणांची ओढ नांगराच्या मानाने फार कमी. टॉप लिंकवरून (यंत्राला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या वरच्या दांड्यावरून) ओढ जोखणाऱ्या ट्रॅक्टरवर तर बियाणं-खताने भरलेल्या पेटीचं वजन टॉप लिंकला मागे खेचत असतं आणि फणांची ओढ तिला पुढे ढकलते. दोन्ही एकमेकांत मिसळतात. पेटी रिकामी होत जाते तसा तो संकेतही बदलत जातो. नांगराबाहेरच्या कामांना उंची राखणारी वेगळी सोय लागते हे ट्रॅक्टर बनवणाऱ्यांच्याही लवकरच लक्षात आलं. १९४७ च्या फोर्ड ८एन ट्रॅक्टरवर पोझिशन कंट्रोल दिला गेला तो त्यामुळेच.

स्प्रिंगा पूर्ण आवळण्याचा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून इथे जरा थांबतो. स्प्रिंग दाब निर्माण करत नाही, ती चौकटीचं वजन उसनं घेऊन ओळीवर, म्हणजे एकेका ओळीच्या फण-चाकाच्या जोडणीवर, टाकते. ९ ओळी, प्रत्येकीवर ६० किलो, म्हणजे ५४० किलो. चौकट आणि पेटी मिळून ४०० किलोच भरत असतील तर उरलेले १४० आणायचे कुठून? चौकटच वर उचलली जाते. पेटीतून बी मोजून सोडणारी तबकडी फिरवणारं चाक त्याच चौकटीवर असेल तर ते घसरतं किंवा थांबतं. फण मातीत चालू, पेटी भरलेली आणि काकरात बी नाही. पेटी अर्धी झाल्यावर हे हमखास होतं, म्हणून सकाळी बरोबर चालणारं यंत्र दुपारी ‘बिघडतं’.

वजन पुरेसं असलं तरी जादा दाब वाया जात नाही, तो नुकसान करतो. फणाला शिरायला लागेल तेवढा दाब खर्च झाला की उरलेला सगळा खोलीच्या चाकावर येतो आणि चाक काकराच्या कडा दाबून टाकतं. ओलसर जमिनीत त्या कडा विटेसारख्या होतात, मुळं आडवी पसरायची सोडून काकराच्याच दिशेने धावतात. योग्य दाब ओळखायची साधी रीत आहे: यंत्र चालू असताना खोलीचं चाक सतत फिरत राहिलं पाहिजे, पण त्याचा खोल ठसा उमटता कामा नये. आणखी एक गोष्ट, स्प्रिंग जितकी दबेल तितकी कडक होते. त्यामुळे उंचवट्यावर दाब वाढतो आणि खळग्यात, जिथे गरज असते तिथे, कमी होतो. हवेच्या पिशव्या किंवा हायड्रॉलिक दाब वापरतात ते हा फरक कमी करण्यासाठी.

समांतर दांड्यांना दिखावा म्हणणाऱ्याने एकदा कागदावर आकृती काढावी. ओळ एकाच ५० सेंमी दांड्यावर बिजागरीने लटकत असेल आणि १० सेंमी वर उचलली गेली, तर फण साधारण साडेअकरा अंशांनी कलतो. फणाचा शिरायचा कोन बदलतो, मागचं दाब-चाक आणि फणाचं टोक यांतला फरकही बदलतो. खोली त्या फरकावरच ठरत असते. वर-खाली दोन समान दांड्या असल्या की ओळ सरळ वर जाते, सरळ खाली येते, कोन तोच. खोलीचं चाक फणाच्या अगदी बाजूला असावं हेही त्यातलंच. दीड हात मागे असलेलं चाक फणाखालची जमीन वाचत नसतं. दोन बाजूंना दोन चाकं आणि त्यांच्यात डुलणारी पट्टी असेल तर ४ सेंमीच्या ढेकळावर एक चाक चढलं तरी फण २ सेंमीच उचलला जातो. अरुंद, सरळ चौकटीच्या यंत्रावर हे सगळं नसलं तरी चालतं, एवढं मात्र मी मजकूरवाल्याला देईन.

वळणावर यंत्र उचलण्या-सोडण्याबद्दल मजकुरात काही नाही, पण लोक तिथेही लिव्हरवर भरवसा टाकतात. यंत्र थांबलेल्या ट्रॅक्टरवरून खाली सोडलं की फणाच्या नळीत माती भरते. चालत्या ट्रॅक्टरवर, बेताने सोडा. ७० सेंमी नळीतून बी पडायला सुमारे ०.४ सेकंद लागतात, ताशी ५ किमी वेगाला तेवढ्यात ट्रॅक्टर अर्धा मीटर पुढे जातो. तेवढं अंतर धरूनच सोडायचं.

खुणेवर विश्वास ठेवण्याआधी टॉप लिंक बघा. फणांच्या पुढच्या-मागच्या रांगांत ३० सेंमी अंतर असताना चौकट ५ अंश झुकली तर दोन रांगांच्या खोलीत अडीच सेंमीहून जास्त फरक पडतो. मग वीसेक मीटर पेरून, उतरून, प्रत्येक काकर उकरून बी कुठे पडलंय ते पट्टीने मोजा. ट्रॅक्टरच्या चाकामागच्या ओळी वेगळ्या मोजा. तिथली माती ३ सेंमी दबली असेल आणि चौकट एकसंध असेल, तर ते बी तेवढंच उथळ पडलेलं सापडेल. ते दोन फण तेवढे खाली सरकवून घट्ट करा आणि पुन्हा उकरून बघा.