वकील कशाला, आपले तात्या आहेत की!

सांगलीत राहून वकील करायचा म्हणजे पैसा जास्त झाला म्हणायचा. गल्लीगल्लीत एक तात्या असतात, त्यांनी जमिनीच्या वाटणीच्या दाव्यात 15 वर्षं कोर्टाच्या तारखा बघितलेल्या असतात (वाटणी अजून व्हायचीय), एवढा अनुभव बास झाला की. दिवाणी वेगळं, फौजदारी वेगळं, हे सगळं वकिलांनी पोट भरायला काढलेलं.

आता समजा गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीवरनं राडा झाला आणि एफआयआरमध्ये तुमचं नाव आलं. एफआयआर वाचायच्या भानगडीत पडू नका, उगंच टेन्शन. पोलिसांची नोटीस आली तर ती फ्रीजवर ठेवा, वर लाइटबिल ठेवा. तात्या तिला अजून जुन्या फौजदारी संहितेतल्या कलमावरनं 41 अ म्हणतात, 1 जुलै 2024 पासून ती नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खाली येते, पण तात्यांना कोण सांगणार. नोटीसप्रमाणं हजर राहिलं तर पोलिसांना कारण लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही, आणि नाही गेलं तर अटकेला कारण आयतंच मिळतं. म्हणून जाऊच नका, आपण काय घाबरतो व्हय.

उचलून नेलं की मात्र तोंड उघडा ते बंद करू नका. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही असं घटनेच्या कलम 20(3) मध्ये लिहिलंय, पण गप्प बसला म्हणजे यानंच केलंय असं तात्यांचं मत आहे. मग मिरवणूक सोडून 2019 सालचं बांधाचं भांडणसुद्धा सांगा, तपासवाल्यांना कारण हुडकायचा त्रास नको. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही हे खरंय, पण तुमच्या सांगण्यावरनं एखादी वस्तू सापडली तर तेवढं बोलणं चालतं, म्हणून काठी उसाच्या कुठल्या सरीत टाकलीय तेही जाऊन दाखवा, आणि पंचांना चहा पाजा.

24 तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटपुढं उभं करतात. तिथं विचारतील, काही तक्रार आहे का, मारहाण झाली का? पाठ ठणकत असली तरी "न्हाई साहेब" म्हणा. रिमांड मिळाला की परत त्याच कोठडीत जायचंय, हा तात्यांचा सल्ला, आणि खरं सांगू, यावर मलाही लगेच उत्तर सुचत नाही.

कोठडीतल्या माणसाला, कमाई कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडनं फुकट वकील मिळतो. पण फुकटचा वकील कसला वकील! त्यापेक्षा "आत वळख हाय" म्हणणाऱ्या माणसाला 50 हजार द्या. पावती मागू नका, वाईट दिसतं.

जामिनाचा अर्ज पण नको, कारण तात्यांचं "साहेबांशी बोलणं चालू हाय". ते 60 दिवस चालू राहिलं. बऱ्याच गुन्ह्यांत 60 दिवसांत (मोठ्या गुन्ह्यांत 90) चार्जशीट आलं नाही तर जामीन हा हक्कच होतो, फक्त चार्जशीट यायच्या आत तो मागावा लागतो. 61 व्या दिवशी तात्या मिरजेला साखरपुड्यात होते, फोन सायलेंटवर. 62 व्या दिवशी सकाळी चार्जशीट दाखल झालं.

तात्या म्हणले, "अर्ज पण करायचा असतोय व्हय?"