सोनोग्राफीपूर्वी पाणी पिऊ नये, म्हणे!

वाळपईला राहणाऱ्या माझ्या मावशीला पोटाची आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करायला सांगितले होते. सूचना सरळ होती: सहा ते आठ तास काही खायचे नाही, आणि तपासणीच्या तासभर आधी लिटरभर पाणी पिऊन लघवी रोखून धरायची. मावशीने सकाळी पातळभाजी आणि दोन पाव खाल्ले, पाण्याचा थेंब घेतला नाही, आणि आत बोलावण्याच्या जरा आधी लघवी करून आली. तपासणी अर्धवट राहिली आणि तिला पुन्हा यायला सांगण्यात आले. "बघ, मेसेजात लिहिलेले खरेच निघाले, दोनदा बोलावतातच," असे ती मला म्हणाली, तेव्हा 'सोनोग्राफीमागचे सत्य' नावाचा तो व्हॉट्सॲपवरचा मजकूर मी मागून घेतला.

त्यात म्हटले आहे की पाणी पाजून मूत्राशय फुगवले की मूत्रपिंडे सुजलेली दिसतात आणि नसलेला आजार दाखवता येतो. म्हणून पाणी टाळावे आणि न्याहारी करूनच जावे. पुढे कर्करोग देणारा किरणोत्सर्ग, जेलमधली रसायने, खालून म्हणजे योनीमार्गे करायच्या तपासणीची 'फसवणूक' आणि एकदा रिपोर्ट नॉर्मल आला की पोट निर्धोक, असे बाकीचे मुद्दे आहेत.

पाण्याचा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो पाळणाऱ्याची तपासणी हमखास बिघडते आणि ती बिघडली की तोच मजकुराचा पुरावा ठरतो. ध्वनिलहरी द्रवातून सहज पुढे जातात, हवेशी मात्र अडतात. भरलेले मूत्राशय वायूने भरलेली आतडी वर सारते आणि त्याच्या मागे असलेले गर्भाशय व अंडाशय जणू पाण्याच्या खिडकीतून दिसू लागतात. उपाशी पोटी पित्ताशय पित्ताने भरलेले असते; नारळ घातलेली पातळभाजी पोटात गेली की ते आकसते, भिंत जाड भासते आणि बारीक खडे निसटू शकतात. म्हणजे मावशीने त्या न्याहारीने एक खिडकी बंद केली आणि लघवी करून दुसरी.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. मूत्राशय फारच तुडुंब भरले असेल तर मूत्रपिंडांतील लघवीची पोकळी किंचित फुगलेली दिसू शकते. परंतु डॉक्टरांना हे ठाऊक असते. ते लघवी करून यायला सांगतात आणि पुन्हा पाहतात, त्याच वेळी मूत्राशयात किती लघवी उरली तेही मोजतात. मजकूर लिहिणाऱ्याने ही अर्धी गोष्ट उचलली आणि उरलेली सोडून दिली.

किरणोत्सर्गाविषयी फार लिहायला नको. माणसाला सुमारे 20 हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटाच्या तपासणीत साधारण 20 लाख ते 50 लाख हर्ट्‌झचा ध्वनी वापरतात. तो ध्वनीच आहे, एक्स-रे नव्हे. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड आणि त्यांचे सहकारी धातूतील तडे शोधण्याचे तंत्र पोटाकडे वळवून 1958 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहितात, तेव्हा त्यांच्या रुग्णांत एक अशी स्त्री होती जिला पोटाचा असाध्य कर्करोग असल्याचे मानले गेले होते. प्रतिध्वनींनी ती अंडाशयाची भलीमोठी पाण्याची गाठ असल्याचे दाखवले, ती काढली गेली आणि ती बाई वाचली. कर्करोग 'देणारे' यंत्र म्हणून ज्याची बदनामी चालली आहे, त्याची सुरुवात ही अशी आहे.

जेल मुख्यतः पाण्याचे असते आणि कातडी व प्रोब (अंगावर फिरवायचे यंत्राचे टोक) यांच्या मधली हवा काढते. थंड लागते, इतकेच.

खालून केली जाणारी तपासणी स्त्रीच्या संमतीनेच होते आणि ती नाकारता येते. तिला भरलेले मूत्राशय लागत नाही, उलट रिकामे लागते. पाळी थांबल्यानंतर रक्तस्राव झाला असेल तर गर्भाशयाच्या अस्तराची जाडी 4 मिलिमीटरपेक्षा जास्त आहे का हे तिच्यातून नेमके कळते, आणि हेच टाळा असे बायकांना सांगणे मला संतापजनक वाटते. 'रिपोर्ट नॉर्मल म्हणजे पोट निर्धोक' हेही चूक आहे. जठराच्या आतल्या व्रणासाठी दुर्बिणीचीच तपासणी लागते.

उपवासाबाबत मात्र इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. सूचनेच्या कागदावर हे ठळक असायला हवे होते आणि नव्हते.

दुसऱ्या खेपेला मी मावशीबरोबर गेलो. वाळपईहून बसने तासाभराचा रस्ता, त्यामुळे पाणी घरी नव्हे, केंद्रावर पोहोचल्यावर प्यायले. अंधाऱ्या खोलीत "श्वास ओढा, धरा, डाव्या कुशीवर वळा" असे वीस मिनिटे चालले. उजव्या फासळीखाली प्रोब दाबल्यावर तिने तोंड वाकडे केले. पित्ताशयात दोन खडे निघाले, मोठा 9 मिलिमीटरचा. पहिल्या खेपेच्या कागदावर पित्ताशयापुढे "आकसलेले, पाहता आले नाही" एवढेच लिहिले होते.