दार सगळ्यांना उघडं, माप मात्र तेच

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचं म्हणणं असं, की होड्या बांधणं, शिडं शिवणं, दोरकाम ही वर्षानुवर्षं जाणत्याच्या हाताखाली राबून येणारी कामं आहेत. सागरी कलांचं केंद्र काढून त्यात मुलं, बायका, अपंग, हौशी अशा सगळ्यांना घेतलं की कसब पातळ होतं. त्यापेक्षा तो पैसा थेट कारागिरांच्या हातात द्यावा.

कसब पातळ होतं, हे मला पटत नाही. नवी लाकडी होडी पाण्यात सोडली की सुरुवातीला थोडी झिरपते. फळ्या पाणी पिऊन फुगल्यावरही गळत राहिली, तर काम चुकलंय. ते कुणी केलं, याच्याशी पाण्याला काही देणंघेणं नसतं.

आता जवळून बघू. दोन फळ्यांमधल्या फटीत सुताचा पीळ छिन्नीने ठोकून बसवतात. फट नीट भरत आली की मोगरीच्या ठोक्याचा आवाज बदलतो आणि हाताला लागणारा धक्काही. मुरलेला कारागीर इथे कानाने आणि हाताने काम करतो. मग ज्याला दिसत नाही, त्याला या कामाजवळ बसूच द्यायचं नाही, हे कशाच्या जोरावर ठरवायचं? उलट, फळी वाकवायची तर एकट्याने भागतच नाही. साधारण एक इंच जाडीला तासभर वाफ द्यायची, आणि वाफेच्या पेटीतून बाहेर काढली की निवायच्या आत जागेवर आवळायची. तिथे चार-पाच हात लागतात, आणि घड्याळावर नजर ठेवून हाक देणारा एक जण. तो चाकांच्या खुर्चीत असला तर काय बिघडलं?

ब्रिटनमधल्या जुबिली सेलिंग ट्रस्टचं ‘टेनेशस’ हे सुमारे ६५ मीटर लांबीचं लाकडी जहाज व्यावसायिक कारागिरांच्या बरोबरीने धडधाकट आणि अपंग स्वयंसेवकांनी बांधलं. २००० साली ते सफरीवर निघालं. अंध सुकाणूधारकासाठी त्यावर बोलणारं होकायंत्र होतं. २०२३ मध्ये त्या संस्थेचं काम थांबलं, ते पैशाअभावी. जहाजाच्या बांधणीत खोट होती म्हणून नव्हे.

आणि विद्या घरातच ठेवली तर? पॅसिफिकमधल्या सातावल बेटावरचे पारंपरिक नाविक माऊ पियाइलुग यांनी १९७६ साली ‘होकुलेआ’ ही जोडहोडी होकायंत्रासारख्या एकाही उपकरणाशिवाय हवाईहून ताहितीला नेली. पुढे ती विद्या त्यांनी परक्यांना, हवाईच्या लोकांना शिकवली. त्यावरून टीकाही सोसली. १९८० मध्ये त्यांचे शिष्य नैनोआ थॉम्पसन यांनी तीच वाट स्वतः काढली. हवाईत ही विद्या पार विसरली गेली होती. माऊंनी हात आखडता घेतला असता, तर ती तिथे परतलीच नसती.

पैशाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. शिकवणाऱ्या मिस्त्रींना शाल-श्रीफळ आणि मानधनाचं पाकीट देऊन बोळवण करणारं केंद्र मला नको. त्यांना महिन्याचा पगार हवा आणि कारभारी मंडळात मताचा अधिकारही. फक्त एकरकमी पैसा हातावर ठेवून शागीर्द तयार होत नाहीत. त्यासाठी छप्पर, लाकूड आणि रोज येणारी माणसं लागतात. फायबरची डागडुजी आणि इंजिनाचं कामही तिथे शिकवलं पाहिजे, कारण आज समुद्रावर पोट भरणाऱ्याला त्याचीच गरज आहे. वर्गाच्या वेळाही बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात तेव्हाच्या धराव्यात, नाहीतर ज्यांचं हे काम, तेच बाहेर राहतील.